वॉटरप्रूफिंग ठेकेदाराच्या संकेतस्थळावर विश्वास ठेवण्यापूर्वी: टप्प्याटप्प्याने तपासणी

मे महिन्यात गच्चीचे काम करून घेणारी बहुतेक मंडळी एकाच क्रमाने चुकतात. ती संकेतस्थळ पाहतात, तेथील छायाचित्रे पसंत पडतात, लगेच फोन लावतात, दुसऱ्या दिवशी माणूस येऊन गच्ची पाहून जातो, आगाऊ रक्कम दिली जाते, आणि जुलैमध्ये छत पुन्हा गळू लागल्यावर हा ठेकेदार नेमका कोण याची चौकशी सुरू होते. तपासणी करायची नाही असे कोणीच ठरवलेले नसते; ती फक्त पैसे दिल्यानंतर होते, आणि तोवर तिचा उपयोग उरलेला नसतो.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. संकेतस्थळ म्हणजे ठेकेदाराने स्वतःविषयी केलेले निवेदन. त्यातील एक विधान त्याच संकेतस्थळावरील दुसऱ्या विधानाने सिद्ध होत नाही. म्हणून पुढील प्रत्येक टप्प्यात दावा संकेतस्थळावरून घ्यायचा आणि पडताळा मात्र अशा ठिकाणी पाहायचा, जेथे ठेकेदाराला स्वतःला काही लिहिता येत नाही. उदाहरण गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे घेतले आहे. प्लंबर, इलेक्ट्रिशियन किंवा पेस्ट कंट्रोलवाल्यालाही हाच क्रम लागू पडतो.

## तयारी: फोन उचलण्याआधी

एका कागदावर दोन रकाने आखावेत. डावीकडे "संकेतस्थळ काय सांगते" आणि उजवीकडे "बाहेर काय आढळले". डाव्या रकान्यात व्यवसायाचे पूर्ण नाव, पत्ता, सर्व फोन क्रमांक, जीएसटी क्रमांक, किती वर्षांचा अनुभव सांगितला आहे, किती वर्षांची गॅरंटी दिली आहे आणि कोणत्या कामांचा उल्लेख आहे, एवढे उतरवून घ्यावे. जी माहिती संकेतस्थळावर सापडत नाही, तिच्यापुढे "नाही" असे स्पष्ट लिहावे. रकाना रिकामा सोडला तर पुढे तो विसरला जातो.

त्यानंतर मुख्य पानाचे, गॅरंटीच्या पानाचे आणि संपर्काच्या पानाचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवावेत. संकेतस्थळावरील मजकूर एका रात्रीत बदलता येतो, आणि "दहा वर्षांची गॅरंटी" हे शब्द वाद उभा राहिल्यावर तेथे असतीलच असे नाही.

सावधान: "मोफत पाहणी"चा फॉर्म या टप्प्यावर भरू नये. फॉर्म भरताच आपला क्रमांक एका ठेकेदाराकडे जातो की पाच जणांना विकला जातो, हे अजून आपल्याला माहीत नसते.

## टप्पा १: संकेतस्थळ ठेकेदाराचे आहे की दलालाचे?

शोधनिकालात सर्वांत वर दिसणाऱ्या दुव्यावर "प्रायोजित" असे लिहिले आहे का, ते पाहावे. तसे असेल तर ती जाहिरात आहे. जाहिरात देणे गैर नाही, पण वरचा क्रमांक पैसे मोजून मिळालेला असतो, कामाच्या दर्जाने नव्हे.

आता संकेतस्थळावरील एखादे ठळक, थोडे वेगळे वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधावे. तेच वाक्य पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा शहरांच्या पानांवर केवळ गावाचे नाव बदलून आढळले, तर ते संकेतस्थळ बहुधा काम करणाऱ्याचे नसून ग्राहकांचे क्रमांक गोळा करून पुढे देणाऱ्याचे असते. संपर्काचा फोन क्रमांकही असाच अवतरणचिन्हांत शोधावा. एकच क्रमांक तीन निरनिराळ्या व्यवसायांच्या नावाखाली दिसला, तर येथेच थांबलेले बरे.

मध्यस्थामार्फत काम करून घेणे म्हणजे फसवणूक नव्हे. परंतु गॅरंटी कोण देणार, मध्यस्थ की प्रत्यक्ष काम करणारा, याचे उत्तर लेखी मिळत नसेल तर ती गॅरंटी कोणाचीच नसते.

## टप्पा २: नाव आणि पत्ता

आकर्षक व्यापारी नाव पुरेसे नाही. त्यामागचे कायदेशीर नाव हवे: एकल मालक असल्यास व्यक्तीचे, भागीदारी असल्यास फर्मचे, कंपनी असल्यास कंपनीचे. याचे कारण व्यावहारिक आहे. उद्या ग्राहक आयोगात तक्रार करायची वेळ आली, तर समोरच्याचे नाव आणि पत्ता लिहावा लागतो, आणि नोटीस एखाद्या बोधचिन्हाला पाठवता येत नाही.

पत्ता नकाशावर शोधावा. तेथे खरोखर दुकान किंवा गोदाम आहे, की तो पत्ता एखाद्या निवासी इमारतीचा आहे? २०२२ पासून मुंबई, पुणे, नाशिक, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) यांसारख्या शहरांत नकाशावरील स्ट्रीट व्ह्यूद्वारे रस्त्यावरची पाटी घरबसल्या पाहता येते, मात्र चित्र काही वर्षे जुने असू शकते. अनेक चांगले ठेकेदार घरूनच व्यवसाय चालवतात, त्यामुळे निवासी पत्ता हा दोष मानू नये. पत्ताच नसणे, किंवा "पुणे, महाराष्ट्र" एवढ्यावर भागवलेले असणे, हा मात्र दोष आहे.

संकेतस्थळावर "प्रायव्हेट लिमिटेड" असे लिहिले असेल, तर एक सोपी कसोटी हाताशी आहे. कंपनीचे संकेतस्थळ असल्यास त्याच्या मुख्य पानावर कंपनीचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन हा ओळख क्रमांक आणि तक्रारीसाठी संपर्क साधायच्या व्यक्तीचे नाव देणे कंपनी नियमांनुसार बंधनकारक आहे. सीआयएन २१ अक्षर-अंकांचा असतो. त्यातील सातवे व आठवे अक्षर राज्य दाखवते, म्हणजे महाराष्ट्रासाठी "एमएच", आणि नवव्यापासून बाराव्यापर्यंतचे चार अंक कंपनी स्थापन झाल्याचे वर्ष सांगतात. हा क्रमांक कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर पडताळता येतो.

## टप्पा ३: जीएसटी क्रमांक वाचायला शिकावे

या टप्प्यावर घाई करू नये, कारण एवढी माहिती एका जागी, विनामूल्य आणि अधिकृतपणे दुसरीकडे क्वचितच मिळते. बहुतेक लोक मात्र "जीएसटी क्रमांक दिलेला आहे" एवढेच पाहून पुढे जातात.

आधी क्रमांक नुसता डोळ्यांनी वाचावा. तो १५ अक्षर-अंकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्रासाठी २७, गोव्यासाठी ३०. पुढील दहा जागा पॅन क्रमांकाच्या. त्यानंतर त्या राज्यातील नोंदणीचा अनुक्रम, मग सहसा "झेड", आणि शेवटी तपासणीचे एक अक्षर किंवा अंक. पॅनचे चौथे अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातील सहावे, मालकीचा प्रकार सांगते: "पी" म्हणजे व्यक्ती, "एफ" म्हणजे भागीदारी फर्म किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी), "सी" म्हणजे कंपनी, "एच" म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. संकेतस्थळावर "प्रायव्हेट लिमिटेड" असे मिरवले आहे आणि सहाव्या जागी "पी" आहे, तर दोहोंपैकी एक गोष्ट खोटी आहे. व्यक्तीच्या पॅनमध्ये पुढचे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते. तेही मालक म्हणून सांगितलेल्या नावाशी जुळवून पाहावे.

आता जीएसटीच्या अधिकृत पोर्टलवर जावे. "सर्च टॅक्सपेअर" या विभागात लॉगिन न करता क्रमांक टाकता येतो. तेथून पाच गोष्टी उजव्या रकान्यात उतरवाव्यात.

१. कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव. दोन्ही वेगळी असू शकतात. पण संकेतस्थळावरील नाव त्यांपैकी एकाशी तरी जुळले पाहिजे.

२. नोंदणीची स्थिती. "ॲक्टिव्ह" हवी. "कॅन्सल्ड" किंवा "सस्पेंडेड" असेल आणि तरीही दरपत्रकात जीएसटी आकारला असेल, तर पुढे बोलणेच नको.

३. नोंदणी लागू झाल्याची तारीख. येथे एक गैरसमज टाळावा. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी लागू झाला, त्यामुळे जुन्या करप्रणालीतून आलेल्या कित्येक व्यवसायांपुढे हीच तारीख दिसते. "१९९८ पासून सेवेत" म्हणणाऱ्याच्या नावापुढे २०१७ दिसले म्हणून तो खोटे बोलतो असे होत नाही. मात्र तेथे गेल्या वर्षीची तारीख असेल, तर मधल्या काळात व्यवसाय कोणत्या नावाने चालत होता, हे विचारावे.

४. व्यवसायाचे मुख्य ठिकाण. संकेतस्थळावरील पत्त्याशी ते ताडून पाहावे.

५. करदात्याचा प्रकार. "कंपोझिशन" (छोट्या व्यावसायिकांसाठीची सोपी करयोजना) असे लिहिले असेल, तर त्या व्यावसायिकाला ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. अशा ठेकेदाराच्या दरपत्रकात "अधिक १८ टक्के जीएसटी" ही ओळ असेल, तर ती आकारणीच नियमाबाहेरची आहे.

याच पोर्टलवर पॅनवरूनही शोध घेता येतो, आणि पॅन तर जीएसटी क्रमांकातच दडलेला असतो, तिसऱ्या जागेपासून बाराव्यापर्यंत. तो टाकल्यावर त्या पॅनवरील सगळ्या नोंदण्या समोर येतात. त्यांत रद्द झालेली नोंदणी दिसली, तर ती का बंद केली असे सरळ विचारता येते. साधे, पटणारे उत्तर मिळू शकते. प्रश्नावर राग आला, तर तेही एक उत्तरच आहे.

तपासणी: जीएसटी क्रमांक नसणे हा गुन्हा नाही. महाराष्ट्रात केवळ सेवा पुरवणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल, तर सामान्यतः नोंदणी सक्तीची नसते. एकट्याने काम करणाऱ्या कारागिराकडे ती नसणे स्वाभाविक आहे. परंतु "दरवर्षी तीनशे गच्च्या" असा दावा आणि नोंदणीचा अभाव या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. नोंदणी नसलेल्याने बिलात जीएसटी लावणे तर उघडच चुकीचे आहे.

## टप्पा ४: संकेतस्थळाचे वय

"हू-इज" या सार्वजनिक शोधसेवेत संकेतस्थळाचे नाव टाकले की ते नाव कोणत्या दिवशी नोंदवले गेले, हे कळते. नोंदवणाऱ्याचे नाव बहुधा झाकलेले असते, पण तारीख दिसते. त्यानंतर इंटरनेट आर्काइव्हच्या "वेबॅक मशीन"मध्ये तोच पत्ता टाकून जुनी पाने दिसतात का, ते पाहावे. पाच वर्षांपूर्वी त्याच नावावर एखादे कपड्यांचे दुकान दिसले, तर ते नाव नंतर विकत घेतलेले आहे आणि त्याच्या वयाचा ठेकेदाराच्या अनुभवाशी संबंध नाही.

नवे संकेतस्थळ म्हणजे खोटा ठेकेदार नव्हे. वीस वर्षे काम करणाऱ्याने गेल्या महिन्यात पुतण्याकडून संकेतस्थळ करून घेतलेले असू शकते. संशय घ्यायचा तो विसंगतीचा: संकेतस्थळ चार महिन्यांचे आणि त्यावरील ग्राहकांचे अभिप्राय मात्र सहा वर्षांपूर्वीच्या तारखांचे.

## टप्पा ५: छायाचित्रे

आमच्या सोसायटीच्या समितीने एकदा ज्या छायाचित्रांवर भाळून ठेकेदार निवडला, त्यांतील गच्चीवर एकही पाण्याची टाकी नव्हती. हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नाही. महाराष्ट्रातील शहरी इमारतीच्या गच्चीवर टाकी, पॅरापेट (कडेची कठड्याची भिंत), डिशचा अँटेना, सोलर वॉटर हीटर, कपड्यांच्या दोऱ्या यांपैकी काही ना काही असतेच. जेथे यांतले काहीच नाही आणि कामगारांच्या अंगावर परदेशी धाटणीचा पोशाख आहे, ते छायाचित्र बहुधा कोठूनतरी उचललेले असते.

नजरेवर विसंबून न राहता प्रत्येक महत्त्वाचे छायाचित्र गूगल लेन्समध्ये टाकून पाहावे. तेच चित्र इतर ठेकेदारांच्या किंवा छायाचित्रे विकणाऱ्या संकेतस्थळांवर आढळले, तर एवढे एक कारण नकारासाठी पुरेसे आहे. सजावटीसाठी विकतचे चित्र वापरणे क्षम्य आहे. ते "आमचे काम" या मथळ्याखाली छापणे क्षम्य नाही.

खऱ्या कामाची छायाचित्रे साखळीने येतात. एकाच गच्चीवर आधी भेगा, मग खरवडून साफ केलेला पृष्ठभाग, मग पॅरापेट आणि स्लॅबच्या सांध्यात काढलेले वाटे (सिमेंटचे गोलसर भराव), नंतर कोटिंगचे थर किंवा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर), आणि शेवटी पाणी तुंबवून घेतलेली चाचणी. सर्व चित्रांत तीच टाकी, तीच शेजारची इमारत दिसते. अशी एक साखळी पन्नास चकचकीत सुट्या चित्रांपेक्षा अधिक बोलकी असते, मग ती मोबाइलवर कितीही वाकडी टिपलेली असो.

## टप्पा ६: अभिप्राय आणि त्यांचा महिना

संकेतस्थळावरचे अभिप्राय सोडून द्यावेत. ते कोणते ठेवायचे हे मालक ठरवतो. गूगल मॅप्सवरील अभिप्राय पाहावेत, पण तेथेही आधी "सर्वांत कमी गुण" आणि "सर्वांत नवे" या क्रमाने. एकाच आठवड्यात आलेले वीस पंचतारांकित अभिप्राय आणि त्याआधी वर्षभर शांतता, हा नमुना संशयास्पद आहे. अभिप्राय देणाऱ्याच्या नावावर टिचकी मारल्यास त्याने आणखी कशाला गुण दिले आहेत ते दिसते. त्याच दिवशी इंदूरचे जिम, सुरतचा दंतवैद्य आणि पुण्याचा ठेकेदार यांची एकाच भाषेत स्तुती केलेली असेल, तर तो ग्राहक नव्हे.

वॉटरप्रूफिंगच्या बाबतीत अभिप्रायाचा महिना मजकुराहून महत्त्वाचा असतो. एप्रिल-मेमध्ये, काम संपल्या दिवशी लिहिलेला अभिप्राय फार तर कामगारांच्या वागणुकीविषयी आणि स्वच्छतेविषयी काही सांगतो, कारण तोवर थेंबही पडलेला नसतो. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरमधील अभिप्राय वेगळे काढून वाचावेत. त्यातही "गेल्या वर्षी काम केले, दुसरा पावसाळाही कोरडा गेला" असे लिहिणारा एकच ग्राहक सापडला तरी मोठे काम झाले. तक्रारींना मालकाने काय उत्तर दिले आहे, तेही पाहावे. "मुलाला पाठवतो, पुन्हा पाणी भरून पाहू" हे उत्तर आणि "तुम्ही आमचे ग्राहकच नाही" हे ठोकळेबाज उत्तर, यांत फरक आहे.

## टप्पा ७: गॅरंटीचा मजकूर

चार प्रश्नांची उत्तरे शोधावीत: गॅरंटी कोणाच्या नावे, कशाची, कोणत्या अटींवर, आणि गळती झाल्यास नेमके काय करणार. रसायन उत्पादकाची वॉरंटी बहुधा मालापुरती असते, कामाची जबाबदारी ठेकेदाराची. संकेतस्थळे या दोहोंची सरमिसळ करतात. "अमुक कंपनीचे अधिकृत ॲप्लिकेटर" असा दावा असल्यास त्या कंपनीच्या डब्यावर छापलेल्या ग्राहक सेवा क्रमांकावर विचारावे, संकेतस्थळावर दिलेल्या क्रमांकावर नव्हे.

गच्ची न पाहता प्रति चौरस फूट अंतिम दर जाहीर करणारा मजकूर सावधपणे घ्यावा. पाण्याचा ढाळ, जुना कोबा किती सुटला आहे आणि भेगा किती खोल आहेत, हे पाहिल्यावाचून कोणालाही खरा दर सांगता येत नाही.

## ज्यांना गुण देऊ नयेत

ब्राउझरमध्ये संकेतस्थळाच्या पत्त्यापुढील कुलूप किंवा "एचटीटीपीएस" एवढेच सांगते की आपण आणि संकेतस्थळ यांच्यामधील माहिती कूटबद्ध होऊन जाते. असे प्रमाणपत्र कोणालाही विनामूल्य मिळते, भामट्यालाही. क्रोम ब्राउझरने तर २०२३ मध्ये कुलपाचे चिन्हच काढून टाकले. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून स्वयंघोषणेवर मिळते. ती व्यवसायाची नोंद आहे, कौशल्याचा दाखला नव्हे. गुमास्त्याचेही (दुकानाच्या नोंदणीचेही) तसेच. "आयएसओ ९००१" हे व्यवस्थापन पद्धतीचे प्रमाणपत्र आहे, आणि ते आयएसओ ही संस्था स्वतः देत नाही. प्रमाणन करणाऱ्या संस्थेचे नाव नसेल तर ते केवळ चित्र समजावे.

उलट, ओबडधोबड संकेतस्थळ, शुद्धलेखनाच्या चुका किंवा जुनाट रंगसंगती यांसाठी गुण कापू नयेत. उत्तम गवंडी उत्तम लेखक असलाच पाहिजे असे नाही.

## टप्पा ८: आता फोन करावा

रकाने भरल्यानंतरचा फोन वेगळाच होतो, कारण उत्तरे ताडून पाहण्याजोगे काही हातात असते. बिल कोणत्या नावाने येईल, मागील दोन पावसाळ्यांतील कोणत्या इमारतीचे काम प्रत्यक्ष पाहता येईल, आणि काम संपल्यावर पाणी तुंबवून चाचणी देणार का, हे तीन प्रश्न विचारावेत. दाखवलेल्या इमारतीत गेल्यावर सचिवांपेक्षा सर्वांत वरच्या मजल्यावरील रहिवाशांना विचारावे. छत त्यांच्या डोक्यावर असते.

सावधान: नोंदणीसाठी किंवा दरपत्रक पाहण्यासाठी व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) उघडू नये आणि स्क्रीन शेअर करणारे ॲप घेऊ नये. छत दुरुस्तीसाठी यांपैकी कशाचीही गरज नसते.

## टप्पा ९: पैसे देताना शेवटचा पडताळा

रक्कम पाठवण्याआधी यूपीआय ॲपमध्ये दिसणारे नाव, बिलावरील नाव आणि जीएसटी पोर्टलवरील कायदेशीर नाव ही तिन्ही जुळवावीत. एकल मालकाच्या बाबतीत खाते व्यक्तीच्या नावे असणे योग्यच आहे, पण ती व्यक्ती पोर्टलवर दिसलेली हवी. "हिशेबनीसाच्या खात्यात टाका" असे सांगितले गेल्यास पैसे रोखावेत. पैसे परत मिळवण्यासाठी किंवा स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. तो मागितला की फोन ठेवावा.

संपूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. काही भाग माल गच्चीवर उतरल्यावर, काही काम पूर्ण झाल्यावर आणि ठरावीक भाग पाणी किमान २४ तास तुंबवून खालचे छत कोरडे राहिल्यानंतर, असे टप्पे दरपत्रकातच लिहून घ्यावेत. मी स्वतः दहा टक्के पहिला मोठा पाऊस होईपर्यंत राखून ठेवण्याचा आग्रह धरतो. काही ठेकेदार याला नकार देतात, काही सहज मान्य करतात.

आगाऊ रक्कम घेऊन फोन बंद झाला आणि फसवणूक उघड दिसली, तर वाट न पाहता १९३० या सायबर मदतक्रमांकावर कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढे सरकण्याआधी खाते गोठवले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. काम झाले पण निकृष्ट झाले, असा वाद असेल तर तो सायबर गुन्हा नव्हे. त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. दोन्हीकडे पहिल्याच दिवशी घेतलेले स्क्रीनशॉट, दरपत्रक, बिल आणि पैसे दिल्याची नोंद सोबत जोडावी.